बाजारची जोडणी

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

आजपासून ही वही लिहिण्याचे ठरविले आहे. लिहिणाऱ्याचा परिचय प्रथम द्यावा, असे आमचे गुरुजी सांगत. मी शेख रहमत शेख करीम, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार दिग्रस, जिल्हा यवतमाळ. इयत्ता चौथी उत्तीर्ण. शुद्धलेखनात दहापैकी दहा. येथील टॉकीजमध्ये चौतीस वर्षे यंत्रचालक होतो. लोक ऑपरेटर म्हणत, आजही म्हणतात, जरी टॉकीजच्या जागी आता मंगल कार्यालय झाले आहे.

घरात आमची बोली हिंदी-मराठीची सरमिसळ आहे. वहीत मी स्वतः शुद्ध मराठीच वापरीन. इतरांचे बोलणे मात्र मराठीत जसे बोलतात तसेच उतरवीन. आयुष्यभर दुसऱ्यांची चित्रे कापली. आता कोणाचे वाक्य कापावयाचे नाही.

वही लिहिण्याचे कारण असे. गतवर्षी मे महिन्यात मला नागीण झाली. उजव्या बरगड्यांवर पाठीपासून छातीपर्यंत फोडांचा पट्टा उठला. तीन आठवड्यांत खपल्या गळाल्या आणि मी बरा झाल्याचे घरात जाहीर केले. प्रत्यक्षात बरा झालो नाही. त्वचा साफ आहे, परंतु सदऱ्याचा काठ लागला तरी निखारा ठेवल्यासारखे होते. पंख्याचा वाराही सोसत नाही. जे दाखविता येत नाही त्याची तक्रार करणे मला शोभत नाही, म्हणून हे कोणालाही ठाऊक नाही. केवळ या वहीस सांगत आहे.

जूनमधील बकरी ईदला मी खोकल्याचे निमित्त करून कोणाचीही गळाभेट घेतली नाही. लांबून सलाम केले. आता रमजान ईद दोन महिन्यांवर आली. पुन्हा खोकला काढता येणार नाही.

जाता जाता एक नोंद. सूनबाई रौशन अलीकडे माझ्या सदऱ्यांना खळ घालीत नाही. विचारले तर म्हणते, "अब्बा, बाजारात खळच नाई येऊन राह्यली." एवढ्या मोठ्या कापसाच्या गावात खळ मिळू नये, हे चमत्कारिक आहे. बिनखळीचा मऊ सदरा घालून बाहेर पडताना मला फार संकोच होतो.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

उत्तमसिंग राठोड भेटला. हा टॉकीजचा द्वारपाल होता. एकोणसत्तर सालापासून प्रत्येक ईदला नमाजनंतर माझ्या दारात पहिला तोच उभा असतो: प्रथम तीन वेळा गळाभेट, मग शीरखुर्मा. गतवर्षी मी त्यालाही लांबूनच सलाम केला. तेव्हापासून तो चहाला येतो, परंतु बाकावर हातभर अंतर ठेवून बसतो.

आज म्हणाला, "ऑपरेटर, खरं सांग. माह्या अंगाचा वास येते का तुले?"

मी म्हणालो, "असे काही नाही."

"मंग काहून? पंचावन्न वर्स गळ्यात पडत होता. आता काय नवा कायदा निघाला का तुमच्यात?"

मी खोकल्याचे सांगितले. तो म्हणाला, "खोकला जूनमधी होता बाप्पा. आता फेब्रुवारी आला." आणि अर्धा चहा ठेवून निघून गेला.

दुखण्यापेक्षा हे अधिक लागले. येत्या ईदला उत्तमसिंगची गळाभेट घेतलीच पाहिजे, चेहऱ्यावर सुरकुती न पाडता. दोन महिने आहेत. उपाय काय, ते मला ठाऊक नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आनंदाचा दिवस. नात माहनूर हैदराबादहून आली. ती तेथील प्रयोगशाळेत संशोधन करते. विषय: वेदना. आमच्या घराण्यात चौथीच्या पुढे जाणारा पहिला माणूस तिचा बाप कलीम (दहावी, पंखे व मोटारींचे वाइंडिंग करतो), आणि त्याच्यानंतर एकदम ही.

दारातच ती माझ्याकडे धावत आली आणि तीन पावलांवर थांबली. मग वाकून डाव्या हाताने माझा डावा हात धरला आणि डोळ्यांना लावला. हैदराबादेत मुलींना अदब शिकवितात, हे पाहून समाधान वाटले.

अठ्ठावीस तारखेस विज्ञान दिन आहे. तिच्या जुन्या शाळेने तिला व्याख्यानास बोलाविले आहे. ती म्हणाली, "दादा, मले सारं इंग्रजीत येते. मराठीत सांगाले बसली की तोंडच उघडत नाई. तुम्ही मदत करा न."

चौथी उत्तीर्ण मनुष्याकडे शास्त्रज्ञ मदत मागत आहे, ही गोष्ट कलीमने नीट ऐकावी म्हणून मी तिला पुन्हा एकदा विचारावयास लावले.

कलीमवरून आठवले. माझ्या खोलीतील पंखा त्याने ऑक्टोबरात दुरुस्तीला नेला, तो अद्याप आणला नाही. गावभर पंखे फिरविणारा मनुष्य बापाचा पंखा चार महिन्यांत दुरुस्त करू शकत नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळी माहनूरने विषय समजावून सांगितला. जेवढे कळले तेवढे लिहितो.

शरीराच्या प्रत्येक पेशीत एक मूळ लेखन असते. पेशी त्याची नक्कल काढते. त्या नकलेस आरएनए म्हणतात. ही नक्कल जशीच्या तशी वापरीत नाहीत. तिचे काही तुकडे कापून टाकतात आणि उरलेले एकमेकांस जोडतात. मूळ लेखन एकच असूनही कोणता तुकडा ठेवला, कोणता वगळला, यावरून निरनिराळ्या वस्तू तयार होतात.

मी तिला थांबविले. पलंगाखालची पत्र्याची पेटी काढली. तीत माझे जोडयंत्र आहे, पाते आहे, आणि तीन हात फिल्मची पट्टी आहे. तिच्या समोर पट्टी दोन ठिकाणी कापली, मधला तुकडा बाजूस ठेवला, काठावरचा लेप खरवडला आणि टोके दाबून धरली. फिल्म चिकटविण्याच्या सिमेंटची बाटली केव्हाच वाळली आहे, परंतु हात विसरलेला नाही.

"असे काय?" मी विचारले.

तिने पट्टी उजेडात धरली. म्हणाली, "दादा, असंच. अगदी असंच. मी पाच वर्सं हेच करून राह्यली, अन् तुम्ही ते चौतीस वर्सं केलं."

मग मी तिला आमच्या टॉकीजची पद्धत सांगितली. आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यांवरचे लोक चित्र पाहावयास येत, परंतु त्यांना पुसदकडची शेवटची एस.टी. धरावी लागे. म्हणून त्या दिवशी मालक दोन गाणी आणि एक मारामारी काढावयास लावीत. कधी एका गाण्याच्या जागी दुसरे, लहान, बसवावे लागे. बाजार संपला की रात्रीच्या खेळासाठी पुन्हा पूर्ववत जोडणी. चित्र एकच; मालकांच्या शब्दांत, एक घरची जोडणी, एक बाजारची जोडणी.

तिने हे वहीत उतरवून घेतले. मी म्हणालो, "हे बोलीतले आहे. व्याख्यानात विकल्प-संधान असा शब्द योज." हा शब्द मी गुरुजींनी दिलेल्या कोशाच्या आधारे तयार केला. तिने तोही लिहून घेतला, परंतु अक्षर बारीक काढले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

उत्तमसिंग स्वतःहून आला. माहनूर त्याच्या घरी जाऊन आली होती, असे समजले. आज त्याने बाकावर अंतर ठेवले नाही. माझ्या डाव्या हाताशी येऊन बसला. राग गेलेला दिसतो. कारण कळले नाही.

परंतु बसल्यावर त्याने माझ्या आयुष्यातील सर्वांत मोठी चूक नातीसमोर उघड केली.

"तुह्या दादानं एकदा मेलेली माय जित्ती केलती," तो तिला म्हणाला.

प्रसंग त्र्याऐंशी सालचा. बाजाराचा दिवस, उशीर झालेला, एस.टी.ची वेळ झालेली. घाईत मी तिसऱ्या आणि पाचव्या रिळातील तुकडे उलट जोडले. नायकाची आई मेली, चिता पेटली, आणि पुढच्याच दृश्यात ती नायकाला भाकरी वाढीत होती. मी यंत्राच्या खोलीतील खिडकीतून पाहात होतो.

"अन् पब्लिक?" माहनूरने विचारले.

"पब्लिकनं टाळ्या वाजवल्या पोरी. एक बुढी दारात मले म्हणे, बरं झालं बाप्पा, वाचली बिचारी. पुढच्या बाजाराले नारळ घेऊन आली न ऑपरेटरसाठी. यानं घेतला नाई. तीन दिवस जेवला नाई हा."

दोघे हसत राहिले. मी एकेचाळीस वर्षांत या गोष्टीवर हसलो नव्हतो. मला वाटले आता उठून जावे, परंतु माहनूरने गंभीर होऊन सांगितले, "दादा, मी हेच शोधते. चुकीची जोडणी. बाजार उठून गेला तरी बाजारचीच फिल्म चालू राह्यली तर काय होते, ते."

तिने पुढे असे सांगितले. वेदना वाहून नेणाऱ्या मज्जापेशींना एक प्रकारचे दार असते. दार उघडले की निरोप पुढे जातो. त्या दाराच्या लेखनात सदतिसाव्या जागेसाठी दोन तुकडे आहेत. दोन्ही एकदम लागत नाहीत. हा किंवा तो. इतर पेशी बहुधा एक तुकडा लावतात. वेदनेच्या पेशी पुष्कळदा दुसरा लावतात, आणि त्या तुकड्याचे दार अधिक संख्येने बसते, अधिक सताड उघडते.

उत्तमसिंग ताठ बसला. "म्हणजे मी," तो म्हणाला. "दार म्हणजे डोअरकीपर."

"हो न, उत्तमआजोबा."

"मंग सांग न तसं. हा वरतून फिल्म जोडते, अन् गर्दी मले सांभाळा लागते. सारी जिंदगी हेच झालं."

माहनूर म्हणाली, "आता समजा, एखाद्याले नागीण झाली. जखम भरली, पन नसेतली जोडणी बदलली. मंग नुसतं कापड लागलं तरी दार उघडते. माणूस खोटं बोलून नाई राह्यला, त्याची नस चुकीची फिल्म दाखवून राह्यली. सगळ्या दुखण्यात असंच होते असं मी नाई म्हणत. पन असं होऊ शकते, ते तपासणं चालू आहे."

तिने उदाहरण म्हणून नागीणच का घ्यावी, हे कळले नाही. योगायोग. उत्तमसिंग त्या वेळी छताकडे पाहात होता.

बुधवार, १२ फेब्रुवारी

एक वाक्य सारखे आठवते. माणूस खोटे बोलत नाही. नऊ महिने मला स्वतःचाच संशय होता.

सोमवार, १७ फेब्रुवारी

माहनूरला यवतमाळच्या एका मज्जाविकाराच्या डॉक्टरांस व्याख्यानासंबंधी भेटावयाचे होते. सोबत कोणी वडीलधारे हवे म्हणाली. सकाळच्या एस.टी.ने गेलो. दारव्ह्यापर्यंत तिने मला खिडकीची जागा दिली, उजवी बाजू मोकळी राहील अशी. मी न सांगता.

डॉक्टर तरुण, विनयी. तिच्याशी पाच मिनिटे बोलले आणि मग माझ्याकडे वळले. "काका, तुमच्यावरच एक साधी तपासणी करून दाखवतो. चालेल?"

शास्त्राच्या कामी नाही कसे म्हणावे? सदरा वर केला. त्यांनी कापसाचा एक बोळा घेतला, त्याची वात ओढून काढली, आणि प्रथम डावीकडे फिरविली. काही नाही. मग उजवीकडे.

मी ओरडलो. लिहिण्यास लाज वाटते, परंतु वहीत खोटे लिहावयाचे नाही. जन्म जिनिंगच्या गावात गेला, पोरवयात सरकीच्या ढिगांवर लोळलो, आणि कापसाच्या एका तंतूने मला खुर्चीवरून उठविले.

डॉक्टर म्हणाले, "किती दिवस?"

मी म्हणालो, "मे महिन्यापासून."

"घरी सांगितलं?"

"नाही."

माहनूर खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिला हे ऐकून केवढा धक्का बसला असेल.

नागिणीनंतर नसांत राहणारे हे दुखणे असून ते ओळखीचे आहे आणि त्यावर औषध आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. रक्त तपासले. सध्या रात्री एक कॅप्सूल. रक्ताचा अहवाल पाहून पुढे हळूहळू वाढवावयाची. मी माहनूरला विचारले, "हे तुझ्या शोधाचे औषध काय?"

ती म्हणाली, "नाई दादा. माह्या शोधाचं औषध अजून झालंच नाई, कदाचित दहा वर्सं लागतील. आताच्या औषधानं सगळ्याच दारांचा आवाज थोडा कमी होते, म्हणून गुंगी येते. आम्हाले असं औषध पाहिजे की जे फक्त चुकीच्या जोडणीचं दार ओळखीन, बाकीच्याले हात नाई लावन. नाई तं ती जोडणीच दुरुस्त करन."

मग ती हळूच म्हणाली, "तोवर हे घ्या. ईद आहे न."

मी दोघांकडून वचन घेतले की घरी कळता कामा नये. दोघांनी तत्काळ दिले.

गुरुवार, २० फेब्रुवारी

डोके जड. सकाळी चालताना घर डावीकडे कलते. कॅप्सूल मी रिळाच्या रिकाम्या डब्यात लपवून ठेवल्या आहेत. विलक्षण योगायोग असा की रौशन तीन दिवसांपासून रात्री पाण्याचा तांब्या नेमका त्या डब्याशेजारी ठेवते. शिवाय मोरीपर्यंतच्या वाटेतील सगळी स्टुले कोणी तरी उचलली आहेत.

फरक काही नाही. उलट चिडचिड वाढली. रौशनला खळीवरून बोललो. तिने मान खाली घातली, परंतु ती हसत होती असा मला संशय आहे.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

व्याख्यान झाले. मी आणि उत्तमसिंग पहिल्या रांगेत. हल्ली तो माझ्या डाव्या बाजूसच राहतो, आणि रस्त्यात कोणी ओळखीचा हात पसरून आला की मध्ये शिरून स्वतःच त्याच्या गळ्यात पडतो. वयाबरोबर माणूस प्रेमळ होतो.

माहनूरने आरंभ माझ्या शब्दाने केला: विकल्प-संधान. दोनशे मुले दगडासारखी बसली. मागे कोणी जांभई दिली, ती पहिल्या रांगेपर्यंत ऐकू आली. माझे कान गरम झाले.

मग तिने माझी फिल्मची पट्टी वर धरली आणि म्हणाली, "आपल्या गावातल्या टॉकीजमध्ये याला बाजारची जोडणी म्हणत." आणि मेलेल्या आईची गोष्ट सांगितली. माझ्या नावासकट.

सभागृह हसले. परंतु ते हसणे निराळे होते. ती बुढी हसली असेल तसे. त्यानंतर मुलांनी प्रत्येक शब्द धरून ठेवला: नक्कल, कापणी, जोडणी, दार.

खुशी नावाच्या सातवीतील मुलीने विचारले, "ताई, मंग दुखणं कायमचंच बंद काहून नाई करत?"

माहनूर म्हणाली, "निखाऱ्यावर पाय पडला अन् तुला कळलंच नाही तर? काही लोकांना जन्मापासूनच दुखत नाही. त्यांना केव्हा लागलं तेच समजत नाही. दार पाहिजेच. फक्त डोअरकीपर शहाणा पाहिजे."

उत्तमसिंग उभा राहिला आणि सभेला नमस्कार केला. त्यास कोणी बोलाविले नव्हते.

समारोपात मुख्याध्यापकांनी माझा उल्लेख "या विषयातील आपल्या गावचे जुने जाणकार" असा केला. मी उभा राहिलो. खळ नसलेल्या सदऱ्यात उभा राहिलो, एवढेच वैगुण्य.

मान्य करतो की माझा शब्द पडला आणि मालकांचा शब्द चालला. विकल्प-संधान मी कोशात परत ठेवला आहे.

रविवार, ९ मार्च

आठवा रोजा. माहनूर हैदराबादेस परतली. दररोज इफ्तारनंतर फोन करते. डॉक्टरांनी मात्रा वाढवून रोजाच्या वेळांत बसवून दिली: एक पहाटे सहरीस, एक इफ्तारनंतर. गुंगी ओसरली आहे.

काल दुपारी झोपेत उजव्या कुशीवर वळलो आणि जाग आली तेव्हा त्याच कुशीवर होतो. हे दहा महिन्यांत प्रथम घडले. हलू नये म्हणून तसाच पडून राहिलो, अंगावर एखादे पाखरू बसल्यासारखा.

सोमवार, २४ मार्च

आज तालीम घेतली. घरात कोणी नाही असे पाहून गादीची वळकटी उभी केली आणि तिची गळाभेट घेतली. एकदा, दोनदा, तीनदा. पहिली सोपी. दुसऱ्या वेळी उजवी बाजू दाबली जाते, तेथे जळजळ झाली, परंतु निखाऱ्याची नव्हे, दुपारच्या फरशीची. सोसण्यासारखी.

तिसऱ्या भेटीच्या वेळी रौशन दारात उभी असल्याचे दिसले. मी म्हणालो, "गादीस ऊन दाखवावयास हवे."

ती म्हणाली, "जी अब्बा. दाखवते." आणि डोळ्यांस पदर लावीत आत गेली. घरात कांदे चिरणे फार होते.

सोमवार, ३१ मार्च. ईद.

काल चंद्र दिसला. सकाळी ईदगाहवरून आलो तर उत्तमसिंग दारात उभा होता. धुवट धोतर, लाल पागोटे, हात मात्र पाठीमागे बांधलेले.

"ईद मुबारक, ऑपरेटर," तो लांबूनच म्हणाला. "सलामावर काम चालते आपलं. जबरदस्ती नाई."

मी पुढे झालो आणि त्याला मिठीत घेतले. त्याचे हात तसेच मागे राहिले, घाबरत होता.

"काय उभा आहेस पुतळ्यासारखा?" मी म्हणालो. "दोन बाकी आहेत."

तेव्हा त्याने हात सोडले. दुसरी भेट उजव्या बाजूने. जळजळ उठली, एक क्षण राहिली आणि तंबाखूच्या वासात विरून गेली. तिसऱ्या वेळी तो सोडीना. माझ्या कानाशी पुटपुटला, "लागते का बे?"

"थोडेसे."

"मंग सोडू?"

"अजून नको."

लागते का, हे विचारावयाचे त्याला कसे सुचले, कोण जाणे. द्वारपालाचे कान तीक्ष्ण असतात.

मागे कलीम, रौशन, फोनच्या पडद्यावर माहनूर, सगळे रांगेत. कलीमची गळाभेट मी जून महिन्यापासून घेतली नव्हती. चाळिशी उलटलेला मुलगा लहान पोरासारखा बिलगला. माहनूर पडद्यातून सारखी विचारीत होती, "दादा, कोनती जोडणी?"

मी म्हणालो, "घरची."

दुपारी जेवून खोलीत आलो तो छताला पंखा. कलीमने आज सकाळीच बसविला. पाच महिन्यांत नेमका आजच दुरुस्त झाला. मी त्याखाली पडून वारा घेतला, बरगड्यांवरून, सावकाश.

आणखी एक नोंद राहिली. आज ईदचा सदरा घातला तेव्हा तो कडक होता, इस्त्रीची धार बोटास लागेल असा. खळ बाजारात पुन्हा येऊ लागली आहे.